जुळ्यातलं एक गेलं, एक काचेच्या पेटीत आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी जुळी बाळं 29व्या आठवड्यात जन्मली. मुलगी 1,080 ग्रॅमची, मुलगा 940 ग्रॅमचा. मुलगा चौथ्या दिवशी गेला. मुलगी 52 दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिली आणि आता चार वर्षांची आहे. तेव्हापासून ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या बायका मला फोन करतात. बहुतेक फोन रात्रीचे असतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. औषधपाण्याचं जे लिहिलं आहे ते आम्हाला शिकवलेलं आणि मी पुढे समजून घेतलेलं. तुमच्या बाळाबाबत शेवटचा शब्द तुमच्या बाळाच्या डॉक्टरांचा. आणि मी वारकरी घरातली सून, त्यामुळे देवाचं बोलणं विठ्ठलाच्या नावाने येईल. तुमच्या घरी दुसरं नाव असेल तर ते घालून वाचा.

लोक म्हणतात, "एक तरी हाती लागलं ना!" त्यावर काय बोलावं?

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी समोरच्याने तोंड उघडण्याआधीच ते ऐकू यायचं. बोलणारी माणसं वाईट नसतात. तुमचं रडणं त्यांना बघवत नाही, म्हणून ती घाईघाईने त्यावर झाकण घालतात. पण लेकरांची वजाबाकी होत नाही. मुलगी जगली म्हणून मुलाचं दुःख निम्म्यावर येत नाही, आणि मुलगा गेला म्हणून मुलीचं वजन 20 ग्रॅमने वाढल्याचा आनंद खोटा ठरत नाही. माझ्याकडे तर दोन्ही एकाच दिवशी आलं. सकाळी सिस्टर म्हणाल्या, "आज तुमच्या मुलीने 2 मिली दूध पचवलं." दुपारी चारला मुलगा गेला. तो दिवस चांगला की वाईट, हे मी आजवर ठरवलेलं नाही.

उत्तर द्यायचंच असेल तर मी एवढंच म्हणायचे: "मला दोन बाळं झाली." आवाज न चढवता. बहुतेक जण तिथे गप्प होतात, आणि एखादी बाई हात हातात घेते.

माझ्यामुळे झालं का? मी जास्त चालले, जिने चढले, कामावर गेले म्हणून?

फोनवर सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो, कधी कधी नाव सांगायच्याही आधी. दिवस पूर्ण होण्याआधी कळा सुरू होण्याची कारणं बरीच आहेत: संसर्ग, वाढलेला रक्तदाब, गर्भाशयाचं तोंड लवकर उघडणं, पाणमोट लवकर फुटणं, आणि जुळं असणं हेच एक मोठं कारण. जुळ्यांमध्ये निम्म्याहून जास्त बाळं 37 आठवड्यांच्या आत जन्मतात. कित्येकदा डॉक्टरांनाही नेमकं कारण सापडत नाही. जगात 2020 साली अंदाजे 1 कोटी 34 लाख बाळं वेळेआधी जन्मली, त्यात सर्वांत जास्त, 30 लाखांच्या आसपास, आपल्या देशातली. इतक्या साऱ्या बायका जिना चढल्या म्हणून हे झालं नाही.

मी पपई खाल्ली होती. एकदाच, दोन फोडी. त्या दोन फोडींवर मी दोन महिने झोपले नाही. शेवटी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या हसल्या नाहीत, खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "त्या फोडींचा आणि याचा काही संबंध नाही. हे मी तुला कागदावर लिहून देऊ का?" मी म्हटलं, द्या. तो कागद अजून आहे. तुमच्या मनात अशीच एखादी फोड असेल तर ती बोलून दाखवा, डॉक्टरांसमोर, स्पष्ट शब्दांत.

"सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" हे खरं का?

नाही. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलं तर बाळ अपुऱ्या दिवसांचं, 32च्या आधी तर फार लवकरचं, 28च्या आधी तर त्याहून नाजूक. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा बळकटच असतं. ही म्हण एखाद्या आईच्या कानावर पडली की तिची झोप उडते, म्हणून घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा.

एनआयसीयूत मला काहीच करता येत नाही. नुसतं उभं राहून काय होतं?

पहिल्या दिवशी मला व्हीलचेअरवरून नेलं. बांगड्या, मंगळसूत्र, अंगठी काढून रुमालात बांधली. कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन घातला. दोन वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटा, शेजारी शेजारी होते. मुलीची कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, खालच्या शिरा दिसत होत्या. नाकात सीपॅपच्या, म्हणजे श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राच्या, नळ्या, तोंडातून पोटात गेलेली दुधाची नळी, पायाला लाल दिवा लागलेली पट्टी. मुलाला व्हेंटिलेटर होता. त्याचा चेहरा टेपखाली जवळजवळ झाकलेला. सिस्टर म्हणाल्या, "कुरवाळू नका, त्यांना ते सोसत नाही. एक हात डोक्यावर आणि एक तळपायांवर, नुसता ठेवा." मी ठेवला. मॉनिटरवर ऑक्सिजन 86 होतं, ते हळूहळू 92 झालं. योगायोगही असेल. पण माझ्या हाताखाली झालं.

पंढरपूरला विठोबा काय करतो? उभा असतो. कमरेवर हात, विटेवर पाय. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, त्याने वीट फेकली आणि "थांब" म्हटलं, तेव्हापासून उभा आहे अशी आपली कथा. लहानपणी मला वाटायचं, हा काही करत का नाही? एनआयसीयूत उभी राहिल्यावर पहिल्यांदा वाटलं, उभं राहणं हेही काम असेल. ज्याच्यासाठी काही करता येत नाही त्याच्यासमोरून हलायचं नाही, एवढं काम.

आणि खरं तर करायचंही पुष्कळ असतं. दूध आणि छाती, या दोन गोष्टी तुमच्याशिवाय कोणाकडे नाहीत. त्याचं पुढे सांगते.

एका बाळासाठी दूध काढताना दुसऱ्याची आठवण येते. हात थांबतो. काय करू?

शरीराला कोणी सांगत नाही की एक गेलं. माझ्या छातीत दोघांचं दूध उतरत होतं. चौथ्या रात्री दोन्ही बाजूंनी गळायला लागलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. शेजारच्या खाटेवरची बाई, तिचं बाळही एनआयसीयूतच होतं, उठली आणि माझ्या हातात वाटी दिली. काही बोलली नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचं दूध औषधासारखं लागतं, आतड्यांच्या गंभीर आजारापासून ते वाचवतं. पहिला चीक थेंबभरच येतो. तो वाया घालवू नका, सिस्टर तो बाळाच्या गालांच्या आतून लावतात. पुढे दर दोन-तीन तासांनी, दिवसातून निदान आठ वेळा काढायचं, रात्रीचंही. रात्रीचं चुकवलं की दूध आटतं. उकळलेली स्टीलची वाटी, धुतलेले हात, आणि बाळाचं टोपडं नाकाशी धरलं की दूध लवकर उतरतं. हे मला एका आयाबाईंनी शिकवलं. 34 आठवड्यांच्या आसपास ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसायला लागतो. तोवर नळी, मग वाटी-चमचा किंवा बोंडलं, मग अंगावर. आमच्या लेकीला बोंडल्याने पाजायला सासूबाईंनी शिकवलं. डॉक्टरांना त्यांचा हात इतका आवडला की वॉर्डातल्या इतर आयांनाही त्यांच्याकडे पाठवायचे.

दूध येत नसेल तर लाजू नका, दुग्धपेढी आहे का विचारा. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी 1989 साली मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता राज्यात अनेक ठिकाणी आहेत. देणाऱ्या आईची तपासणी होते, दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवून निर्जंतुक केलं जातं. माझ्या मुलीने पहिले तीन दिवस कोणा दुसऱ्या आईचं दूध घेतलं. पुढे माझं जास्त झालं ते मी पेढीला दिलं. मुलाच्या वाटचं होतं ते.

कांगारू केअर म्हणजे नेमकं काय? एवढ्याशा जिवाला धरायची भीती वाटते.

बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधे, उभं निजवायचं. मान एका बाजूला, पाय बेडकासारखे. वरून कापड घट्ट बांधायचं, त्यावर आईचा सैल झगा किंवा शाल. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 साली पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. तेव्हा नाइलाज होता. आता जागतिक आरोग्य संघटना 2022पासून सांगते की दिवसातून 8 ते 24 तास, जितक्या लवकर आणि जितका वेळ जमेल तितका, हीच पहिली पसंती. बाळाची ऊब टिकते, श्वास सुधारतो, संसर्ग कमी होतात, दूध वाढतं. बाबाही करू शकतो, आजीही.

मुलगी पहिल्यांदा छातीवर आली तेव्हा दहावा दिवस होता. तिचं वजन जाणवतच नव्हतं, फक्त ऊब कळत होती. मग तिने एक उसासा टाकला, मोठ्या माणसासारखा. त्याच क्षणी मला वाटलं, पोटात हिच्या शेजारी तो होता, तेव्हापासून ही पहिल्यांदाच कोणाच्या अंगाला लागून निजली आहे. मी एक तास रडत होते आणि तिचं ऑक्सिजन 95वर स्थिर होतं. भीती वाटली तरी घ्या. तुमच्या रडण्याने बाळाला काही होत नाही.

घरात सुतक आहे. मी एनआयसीयूत जावं का? दूध चालतं का?

जावं. दूध चालतं. सोयर आणि सुतक एकाच वेळी दारात आलं की घरातल्या मोठ्यांनाही काय करावं सुचत नाही, आणि सुचत नाही म्हणून ते "शिवू नका" म्हणतात. जिवंत बाळाला आईपासून लांब ठेवणारा नियम कोणी सांगत असेल तर मी तो मानणार नाही.

आमच्याकडे हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. मुलगा गेला तेव्हा त्या माऊलींच्या पालखीसोबत लोणंदच्या मुक्कामी होत्या. सलग एकोणीस वर्षांची वारी. फोन गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एसटीने दारात. मी म्हटलं, "आई, तुमची वारी मोडली." त्या पाय धुताना म्हणाल्या, "माझ्या वाटणीचं दिंडीतल्या बायका चालतील. तू अंघोळ कर, पोरीला दूध द्यायचंय." सुतकाबद्दल नंतर शेजारणीने विषय काढला तेव्हा त्यांनी तिला चहा दिला आणि मला रिक्षात बसवलं.

गेलेल्या बाळाला बघावं, घ्यावं का? घरचे नको म्हणतात.

तुमची इच्छा असेल तर घ्या. कोणी जबरदस्ती करू नये, आणि कोणी अडवूही नये. "बघितलं तर विसरता येणार नाही" असं सांगतात. विसरता तसंही येत नाही. सिस्टरनी मुलाला माझ्याकडे दिलं तेव्हा नळ्या काढलेल्या होत्या. त्याचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा सबंध पाहिला. नाकाखाली टेपचा चौकोनी वळ होता. भुवया माझ्या वडिलांसारख्या. हे मला नसतं कळलं तर मी आयुष्यभर त्याचा चेहरा शोधत बसले असते.

मागून घेण्यासारखं: पायाचा ठसा, हातावरची पट्टी, टोपडं, एखादा फोटो. आता नको वाटलं तरी कोणाजवळ तरी ठेवायला द्या. मी ठसा घेतला नाही. आमच्या वॉर्डात कोणी सुचवलं नाही आणि मला सुचलं नाही. तासाभराने परत गेले तर त्याच वॉर्मरवर दुसरं बाळ होतं. बाळाला जागा हवी होती, हे मला कळतं. तरी पडदा ओढायला, दोन शब्द बोलायला कोणाला तरी वेळ मिळायला हवा होता, असं मी आजही म्हणते. इंग्लंडमधल्या काही रुग्णालयांत अशा वेळी मागे राहिलेल्या बाळाच्या पेटीवर जांभळं फुलपाखरू चिकटवतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला न सांगता कळतं की हे एकटं जन्मलेलं नाही. आपल्याकडे प्रत्येक वॉर्डात हे सुरू करायला एक कागद आणि एक कात्री पुरेल.

त्याचे विधी काय करायचे? गुरुजी म्हणाले, "एवढ्या लहानाचं काही नसतं."

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पुरावं, उदक देऊ नये, असं याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. बहुतेक घरांत आजही तसंच करतात. पण "काही नसतं" हे शब्द आईच्या कानात "तो कोणीच नव्हता" असे पडतात. गुरुजींच्या मनात तसं नसतं. तरी जपून बोलायला हवं.

विधी नसेल तर आठवण ठेवायची रीत तुम्ही ठरवू शकता. पुढच्या आषाढीला सासूबाई पुन्हा निघाल्या, आणि लोणंदला त्यांनी त्याच्या नावाने दिंडीला एक पंगत दिली. दीडशे माणसं जेवली. पंगतीत नाव पुकारलं तेव्हा माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा ते चारचौघांत ऐकलं. हो, आम्ही नाव ठेवलं होतं. ते इथे लिहीत नाही.

कागदपत्रांचं: बाळ एक तास जगलं असलं तरी जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद होते. ती 21 दिवसांच्या आत व्हावी लागते. रुग्णालयातली प्रसूती असेल तर नोंद तिथूनच जाते, पण दोन्ही दाखले मागून घ्या आणि स्पेलिंग तपासा. जन्माचा दाखला हातात आल्यावर मला फार बरं वाटलं. सरकारी शिक्क्याने लिहून दिलं होतं की तो जन्मला.

पाचवी, बारसं कधी करायचं? बाळ तर आत आहे.

तुमचं मन होईल तेव्हा. सटवाई पाचव्या-सहाव्या दिवशी येऊन कपाळी लिहिते म्हणतात. आम्ही माझ्या खाटेजवळ कोरा कागद आणि पेन ठेवलं, एवढंच. बारसं घरी आल्यावर पन्नासाव्या की साठाव्या दिवशी केलं तरी कुठे बिघडत नाही. आमच्याकडे फक्त घरची माणसं होती. पाळण्यात एकच बाळ होतं आणि गोविंद घ्या, गोपाळ घ्या करताना माझ्या आईचा हात मधेच थांबला. सगळ्यांना कळलं. मग सासूबाईंनी पुढचं म्हटलं.

देवावर राग येतो. देव्हाऱ्यासमोर बसवत नाही. मी पापी आहे का?

नाही. आपल्या संतांनी विठ्ठलाशी भांडणं केली आहेत. जनाबाईंनी त्याला "विठ्या" म्हणून सुनावलं, नामदेव त्याच्यावर रुसले. तुकोबांनी 1630च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गमावला. ज्याच्यावर रागावता येत नाही तो आपला कसा?

मी तीन आठवडे दिवा लावला नाही. घरात कोणी टोकलं नाही. सासूबाई रोज लावायच्या, आणि माझ्या खोलीचं दार लोटून घ्यायच्या, म्हणजे मला घंटा ऐकू येऊ नये. त्यांचं ते दार लोटणं मला कुठल्याही कीर्तनापेक्षा जास्त समजलं.

परत कसं जमलं ते सांगते. रात्री तीनला दूध काढताना झोप यायची आणि बोटं थांबायची. एका लयीत दाबावं लागतं. मी आकडे मोजायचे, पण आकड्यांत जीव रमेना. एका रात्री नकळत "विठ्ठल, विठ्ठल" सुरू झालं. एक दाब, एक नाव. वाटी भरली. दुसऱ्या रात्रीही तेच. मागणं काही नव्हतं, क्षमा नव्हती, राग तसाच होता. राग धरूनही नाव घेता येतं हे मला वाटीने शिकवलं. याला भक्ती म्हणायची की सवय, ते मला सांगता येणार नाही. पण त्यावर मी उभी राहिले.

तो का गेला, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात" हे मला पटत नाही. देवाला माझं 940 ग्रॅमचं बाळ कशाला हवं असेल? "मागच्या जन्मीचं", "कोणाची तरी दृष्ट", "देणं फिटलं" असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडते आणि विषय बदलते. ज्या घरात हे बोलणं रोज चालतं तिथे नवऱ्याने पुढे होऊन ते थांबवावं.

अंगारा, दोरा, नवस चालतो का?

नवस तुमच्या आणि देवाच्या मधला. पण अंगारा, काळा दोरा, मणी, तीर्थ आत नेऊ नका. अशा बाळाची कातडी आणि प्रतिकारशक्ती दोन्ही कच्ची असतात आणि संसर्ग हा त्याचा सर्वांत मोठा वैरी. सासूबाईंनी आणलेला बुक्का आम्ही माझ्या कपाळाला लावला, तोही परत येताना, रुग्णालयाच्या बाहेर.

नवरा रडत नाही, लगेच कामावर गेला. त्याला काही वाटत नाही का?

माझ्या नवऱ्याने दोन्ही हातांवर मुलाला नेलं. मी ऑपरेशनमुळे जाऊ शकले नाही. परत येऊन त्याने औषधाच्या दुकानाची बिलं लावली, फॉर्मवर सह्या केल्या, तिसऱ्या दिवशी कामावर गेला. मी त्याच्यावर फार चिडले. महिन्याभराने वॉचमनकाकांनी सांगितलं की साहेब रोज रात्री गाडी लावून अर्धा तास आतच बसतात. त्याला बोलतं करायला मला जमलं नाही, पण मुलीला कांगारू द्यायला बसवलं. छातीवर ती असताना तो तिला हळूच तिच्या भावाबद्दल सांगायचा. मी पडद्यामागून ऐकलं आहे.

घरी आणल्यावर काय सांभाळायचं?

सगळ्यात आधी धुरी बंद. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, ओवा-बाळंतशेपांचा धूर, उदबत्ती, कापूर काही नको. ही फुफ्फुसं नुकती सावरलेली असतात. बाळगुटी, मध, पाणी, काजळ नको. मालिश डॉक्टरांनी सांगितल्यावर आणि हलक्या हाताने. बाळाला पाठीवर निजवा. भेटायला येणाऱ्यांनी हात धुवावेत, सर्दी असेल त्यांनी दारातूनच परतावं. हे सांगायला आईला अवघड जातं, म्हणून घरातला एक कडक माणूस नेमा. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब सांगितल्याप्रमाणे द्या.

पहिल्या रात्री मॉनिटर नसतो याचीच भीती वाटते. मी हात तिच्या पोटावर ठेवून पहाटेपर्यंत श्वास मोजले. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर श्वास घेणं अशा बाळांत दिसतं. पण 20 सेकंदांपेक्षा जास्त थांबला, ओठ निळे पडले, मिनिटाला 60हून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, दूध न ओढणं, हातपाय गार पडणं, तळवे-तळपाय पिवळे होणं, झटका येणं: यातलं काहीही झालं तर वाट न पाहता निघा. 108ला फोन करा.

गावात असाल तर आशाताईंना कळवा, त्या घरी येऊन वजन, ताप, श्वास बघतात. घरोघरी नवजात बाळ सांभाळायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली. 39 गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, हे 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार एक वर्षापर्यंत मोफत आहेत, जाण्या-येण्यासकट. विचारायला संकोचू नका.

डोळ्यांची तपासणी खरंच एवढी गरजेची आहे का?

हो. घरी यायच्या गडबडीत ही चुकते आणि मग वेळ निघून जाते. 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी, म्हणजे आरओपी या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या आजारासाठीची तपासणी, 30व्या दिवसाच्या आत झालीच पाहिजे. फारच लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो. वेळेवर लेझर किंवा इंजेक्शन मिळालं तर दृष्टी वाचते. सोबत कानांची तपासणीही करून घ्या.

शेजारचं बाळ बसतं, आमचं अजून मान धरत नाही.

वय जन्मापासून मोजू नका, ठरलेल्या तारखेपासून मोजा. आमची लेक 11 आठवडे आधी आली. ती सहा महिन्यांची झाली तेव्हा प्रगतीच्या हिशेबाने साडेतीन महिन्यांची होती. हे दुरुस्त वय दोन वर्षांपर्यंत धरतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. पहिली कधी द्यायची ते वजन पाहून डॉक्टर सांगतात. शंका राहिली तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवा.

रजेचं काय?

खासगी नोकरीत कायद्यानुसार पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवडे मिळतात. केंद्र सरकारी नोकरीत बाळ जन्मल्यावर लगेच दगावलं किंवा मृत जन्मलं तर 60 दिवसांची विशेष रजा देण्याचा आदेश सप्टेंबर 2022चा आहे.

हे दुःख आहे की आजार, कसं ओळखावं?

दुःखात मधेच एखादा घास गोड लागतो. मला सातव्या आठवड्यात कशाचीच चव लागेना, मुलगी हातात असून तिच्याकडे बघवेना, आणि आपण नसलो तर हिचं बरं होईल असा विचार यायला लागला. तो विचार मी भाकरी थापता थापता सासूबाईंना सांगितला. त्यांनी तवा उतरवला. त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे होतो. औषध सुरू झालं, अंगावर पाजताना चालणारं. दोन आठवड्यांहून जास्त असं राहिलं तर थांबू नका. मरणाचा विचार आला तर एक दिवसही नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नामस्मरण आणि गोळी यांचं भांडण नाही. मी दोन्ही घेतलं.

वाढदिवस कसा करता?

सकाळी मुलीला औक्षण, नवा फ्रॉक, मैत्रिणी, केक. तो दिवस पूर्ण तिचा. तो गेला तो दिवस त्याचा. त्या दिवशी तांदळाची खीर करते आणि देवासमोर एक वाटी ठेवते, तीच, दुधाची. तिला सगळं माहीत आहे. तिने मागच्या वर्षी विचारलं, "दादा मोठा की मी?" तो दोन मिनिटं आधी आलेला. म्हटलं, "तो मोठा." ती थोडी नाराज झाली.

अशा घरी भेटायला जायचं आहे. काय न्यावं, काय बोलावं?

डबा न्या. वरण-भात, मऊ भाजी, भाकरी. बाळंतीण आणि रुग्णालयात बसलेला माणूस दोघांना चालेल असं. डबा परत मागू नका. झबली आणायची तर एकच आणा, पण दुसऱ्या बाळाचं नाव विचारा. "रडू नकोस, दूध आटेल" म्हणू नका. बसता येत असेल तर बसा, नाहीतर मोठ्या मुलाला शाळेतून आणा, धुणं वाळत घाला, रिक्षा बोलवा. आणि सहा महिन्यांनी पुन्हा जा. तोवर बाकी सगळ्यांनी यायचं बंद केलेलं असतं.